तळाशी चरणारा चिनूक: हिवाळी सॅमनविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे सॅमनविषयीची आहेत, आणि त्यांतली जवळजवळ सगळी वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडच्या किंवा ब्रिटिश कोलंबियातल्या जॉर्जिया सामुद्रधुनीच्या काठी राहणाऱ्या मराठी मंडळींनी लिहिली आहेत. एक पत्र मात्र थेट रत्नागिरीहून आले आहे. उत्तरे देताना मी याच दोन पाण्यांचा विचार केला आहे. कोणता भाग कधी खुला आहे आणि दिवसाला किती मासे ठेवता येतात, हे नियम हंगामाच्या मध्यावरही बदलतात. म्हणून घरातून निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या किंवा केंद्राच्या मत्स्यखात्याची ताजी सूचना प्रत्येकाने स्वतः वाचावी.

प्रश्न: ऑगस्टमध्ये सिएटलजवळ चाळीस-पन्नास फूट खोलीवर ट्रोलिंग करून, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढून, मला दोन चांगले सॅमन मिळाले होते. त्याच जागी, तेच आमिष घेऊन डिसेंबरपासून चार वेळा गेलो, पण काठी एकदाही हलली नाही. हिवाळ्यात या पाण्यात सॅमन खरोखर असतो का?
— एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर: असतो, पण आपण ऑगस्टमध्ये पकडला तो हा मासा नव्हे. जात तीच असली, तरी वय वेगळे आणि त्या वेळचा उद्योगही वेगळा. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्याला भेटतो तो पूर्ण वाढलेला, अंडी घालण्यासाठी आपल्या नदीकडे परत निघालेला सॅमन. तो वाटसरू असतो. त्याचा मार्ग ठरलेला असतो, आणि किनाऱ्याच्या टोकांना वळसा घालत तो पुढे जात असताना आपण त्याच्या वाटेत आमिष धरतो. सॉकाय, पिंक आणि चम या जातींचे मासे हिवाळ्यात मोकळ्या महासागरात असतात, आणि कोहोही बहुतांशी तिकडेच असतो. चिनूक जातीतले काही मासे मात्र लहानपणी नदीतून खाली आल्यावर महासागराकडे जातच नाहीत, आणि काही बाहेर जाऊन पुन्हा आतल्या पाण्यात येतात. दोन-तीन वर्षांचे, अजून अंड्यांवर न आलेले हे मासे सगळा हिवाळा खाण्यात आणि अंग धरण्यात घालवतात. प्युजेट साउंडमध्ये त्यांना ‘ब्लॅकमाउथ’ म्हणतात, कारण चिनूकच्या खालच्या जबड्यातल्या हिरड्या काळ्या असतात. सीमेपलीकडे, कॅनडात, त्यांनाच ‘विंटर स्प्रिंग’ असे नाव आहे. वॉशिंग्टनमधल्या काही मत्स्यबीज केंद्रांनी पिल्ले नेहमीपेक्षा जास्त काळ सांभाळून उशिरा सोडण्याची पद्धत मुद्दाम अवलंबली, कारण उशिरा सोडलेली पिल्ले साउंडच्या आतच राहण्याची शक्यता अधिक असते.

हा भेद नीट समजला की पुढचे सगळे आपोआप सुचत जाते. हिवाळी मासा कुठे जात नसतो, तो जेवत असतो. म्हणून त्याची वाट शोधण्याऐवजी त्याचे ताट शोधावे. त्याच्या ताटात मुख्यतः दोन पदार्थ असतात: हेरिंग, म्हणजे आपल्या पेडव्यांची आणि तारल्यांची नातेवाईक, आणि सँड लान्स नावाचा बोटाएवढा, सुतळीसारखा बारीक मासा, ज्याला इथले मच्छीमार सर्रास ‘कॅंडलफिश’ म्हणतात. यातला सँड लान्स फार महत्त्वाचा आहे. तो रात्री वाळूत स्वतःला पुरून घेतो, थंडीच्या महिन्यांत तर बराच काळ तसाच राहतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भरतीच्या रेषेजवळच्या वाळूत अंडी घालतो. त्याला चिखल चालत नाही. प्रवाहाने धुऊन स्वच्छ ठेवलेली जाडसर, सैल वाळू त्याला लागते. अशी वाळू पाण्याखालच्या उंचवट्यांवर आणि त्यांच्या उतारांवर असते, आणि म्हणूनच व्हिडबी बेटाच्या दक्षिणेचा पझेशन बार, पोर्ट टाउनसेंडसमोरची मिडचॅनेल बँक, हुआन डी फुका सामुद्रधुनीतली हाइन बँक ही नावे हिवाळ्यात मच्छीमारांच्या तोंडी असतात. कॅनडाच्या बाजूला गॅब्रिओला बेटाजवळचा थ्रॅशर रॉक, व्हँकुव्हरलगतच्या बोवेन बेटाचा परिसर आणि व्हिक्टोरियासमोरची कॉन्स्टन्स बँक यांची ख्यातीही अशीच आहे.

आपली चूक जागेत असेल किंवा नसेल, पण खोलीत नक्की आहे. चाळीस फुटांवर आपण ओढत असलेले आमिष हिवाळी चिनूकच्या डोक्यावरून, कित्येकदा शंभर फूट उंचावरून, निघून जात असते. नव्वद ते एकशे ऐंशी फूट पाणी निवडा आणि आमिष तळापासून तीन ते दहा फुटांत ठेवा. मी सुरुवातीची दोन वर्षे गळ तळाला अडकेल या भीतीने तळापासून तीस फूट वर ओढत राहिलो, आणि त्या दोन हिवाळ्यांत मला मिळालेले मासे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आता भरती-ओहोटीविषयी. इथे दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात: एक भरती मोठी तर दुसरी लहान, एक ओहोटी खोल तर दुसरी उथळ. उन्हाळ्यात सर्वांत खोल ओहोटी भर दुपारच्या सुमारास येते, तर हिवाळ्यात ती मध्यरात्रीच्या आसपास येते. त्यामुळे उन्हाळ्याच्या वेळापत्रकावरून बांधलेले अंदाज आता उपयोगी पडत नाहीत, आणि तक्ता नव्याने वाचावा लागतो. पाणी स्थिर होण्याच्या आधीचा तास आणि पुन्हा वाहू लागल्यानंतरचा तास, हे दोन तास मी कधीही सोडत नाही. वाहते पाणी उंचवट्यावर आपटून त्याच्या आडोशाला भोवरा करते आणि लहान मासे त्या शांत बाजूला गोळा होतात. तेव्हा भरतीचे पाणी असेल तर उंचवट्याची एक बाजू आणि सुकतीचे पाणी असेल तर दुसरी, असा बदल करत राहावे. उन्हाळ्यात पहाटेचा प्रहर अमूल्य असतो. हिवाळ्यात, इतक्या खोलीवर, मला पहाटेपेक्षा पाण्याची वेळ अधिक मोलाची वाटते. सकाळी दहाला पाणी वळणार असेल, तर अंधारात उठून कुडकुडण्याचे काही कारण नाही.

फेब्रुवारीपासून चित्र थोडे बदलते. अंडी घालण्याच्या तयारीतली हेरिंग उपसागरांच्या तोंडाशी मोठ्या थव्यांनी जमू लागते, आणि चिनूक वाळूचे उतार सोडून तिच्यामागे येतो. त्या दिवसांत साउंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ढगासारखा दिसणारा थवा सापडेपर्यंत मी पाण्यात गळ टाकतच नाही. तासभर नुसता फिरतो. सोबत आलेल्यांना ते कंटाळवाणे वाटते, पण रिकाम्या पाण्यात चार तास गळ ओढण्यापेक्षा तो तास खूप चांगला.

प्रश्न: मी यंदाच डाउनरिगर, म्हणजे तारेला बांधलेल्या वजनाच्या गोळ्याने आमिष खोल नेणारे यंत्र, बसवला आहे. फ्लॅशरमागे हूची लावावी की स्पून, लीडर (आमिषाआधीचा दोरीचा शेवटचा तुकडा) किती लांब ठेवावा आणि होडीचा वेग किती असावा, याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. आकड्याला शंभर फूट दिसत असतानाही मी तळापासून खूप वर आहे अशी मला शंका येते. ती खरी आहे का?
— एक वाचक, नानायमो

उत्तर: आपली शंका अगदी खरी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. डाउनरिगरचा आकडा सोडलेल्या तारेची लांबी दाखवतो, खोली दाखवत नाही. होडी पुढे चालली की वजनाचा गोळा पाण्याच्या रेट्याने मागे राहतो आणि तार तिरपी होते. दीडशे फूट तार सोडली आणि ती उभ्या रेषेपासून तीस अंश कलली, तर गोळा सुमारे एकशे तीस फुटांवर असतो. कल पंचेचाळीस अंश झाला, तर तो जेमतेम एकशे सहा फुटांवर असतो. मग आपण तळावर आहोत असे समजून तळापासून चाळीस फूट वर फिरत राहतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला, गोळा जड घ्यावा. हिवाळ्यातल्या खोल पाण्यासाठी बारा ते पंधरा पौंडांचा गोळा बरा. दुसरा, आकड्यावर न विसंबता तळालाच विचारावे: गोळा तळाला टेकेपर्यंत सोडावा, तार सैल पडलेली दिसली की तीन ते पाच फूट वर घ्यावा, आणि दर काही मिनिटांनी हेच पुन्हा करावे. वाळूवर गोळा टेकला की धुरळा उठतो. त्या हालचालीने चिनूक जवळ येतो असे इथले जुने मच्छीमार सांगतात, आणि गोळा टेकवून उचलल्यानंतरच्या काही सेकंदांतच काठी वाकण्याचा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे की माझा त्यावर विश्वास बसला आहे. मात्र हे वाळूवरच करावे. खडकाळ तळावर गोळा अडकला तर तार, गोळा आणि कधी डाउनरिगरचा हातही गमवावा लागतो.

फ्लॅशर म्हणजे सुमारे अकरा इंचांची चकचकीत पट्टी. योग्य वेगात ती पाण्यात गोल फिरते, आणि खात्या माशाच्या अंगाची लकाकी दुरून दिसावी तसा भास निर्माण करते. तिच्यामागचा लीडर किती असावा याचे उत्तर आमिषाच्या स्वभावात आहे. हूची, म्हणजे प्लॅस्टिकची छोटी माकूल, स्वतः हलत नाही. फ्लॅशरच्या प्रत्येक फेऱ्याचा झटका तिच्यापर्यंत पोचला तरच ती जिवंत वाटते, म्हणून तिचा लीडर आखूड आणि ताठ हवा. तीस ते चाळीस इंच लांबी आणि चाळीस पौंडांच्या आसपासची जाड दोरी मला योग्य वाटते. स्पूनला, म्हणजे धातूच्या वळणदार पट्टीला, स्वतःची चाल असते. फ्लॅशरने तिला सारखे हिसके दिले तर ती चाल बिघडते, म्हणून तिला चार ते सहा फुटांचा लीडर द्यावा. आपल्याला प्रत्येक जण वेगळे सांगतो त्याचे कारण बहुधा हेच असेल, की सांगणाऱ्यांतला एक हूचीविषयी बोलतो आणि दुसरा स्पूनविषयी.

हिवाळ्यात मी बहुतेक वेळा स्पून वापरतो, आणि तोही तीन-साडेतीन इंचांचा, अरुंद, कारण सँड लान्सचा आकार तसा असतो. उन्हाळ्यातले पाच इंची, रुंद स्पून पेटीतच राहू द्यावेत. रंगाविषयी खूप वाद होतात. इतके निश्चित आहे की पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि हिरवा-निळा खोलवर टिकतो, आणि हिवाळ्याच्या ढगाळ दिवशी सव्वाशे फुटांवर तसाही फार थोडा प्रकाश पोचतो. म्हणून अंधारात चमकणारा हिरवा किंवा पांढरा स्पून घ्यावा आणि पाण्यात सोडण्याआधी त्यावर विजेरीचा झोत काही क्षण धरावा. एवढे केल्यावर रंगाचा विचार सोडून तळाकडे लक्ष द्यावे.

गोळ्यापासून आमिष किती मागे असावे हे आपण विचारले नाही, तरी सांगतो, कारण नवखे लोक इथे नेहमी चुकतात. उन्हाळ्यात वरच्या पाण्यात साठ-सत्तर फूट मागे सोडणे ठीक असते. तळालगत मात्र दहा ते पंचवीस फूट पुरेत. उंचवटा आला म्हणून आपण गोळा वर घेतला, की जवळचे आमिष लगेच त्याच्यामागे उचलले जाते. दूरचे आमिष मात्र उंचवट्यात जाऊन रुतते.

वेग दोन ते तीन नॉट असावा आणि शक्यतो प्रवाहाच्या दिशेने चालावे. जीपीएसवर दिसणारा वेग जमिनीच्या हिशेबाने असतो, तर आमिषाला पाण्याच्या हिशेबाने वेग लागतो. प्रवाहाविरुद्ध जाताना पडद्यावर एक नॉट दिसत असला तरी आमिष जोरात धावत असू शकते. म्हणून फ्लॅशर आधी होडीच्या बाजूला पाण्यात धरून तो नीट गोल फिरतो आहे ना हे डोळ्यांनी पाहावे, त्या वेळी तारेचा कल किती आहे हे लक्षात ठेवावे, आणि दिवसभर तो कल सांभाळावा. सरळ रेषेत चालण्यापेक्षा सावकाश नागमोडी चालावे. वळणावर आतल्या बाजूचे आमिष मंदावते, बाहेरच्या बाजूचे वेग घेते, आणि ज्या बाजूला मासा लागतो ती बाजू आपल्याला योग्य वेग सांगून जाते.

प्रश्न: माझी होडी चौदा फुटांची आहे आणि तिच्यावर डाउनरिगर बसवण्याची ऐपतही नाही आणि इच्छाही नाही. हाताने काही करता येईल का?
— एक वाचक, टकोमा

उत्तर: करता येईल, आणि मला स्वतःला त्यातच अधिक आनंद वाटतो. डाउनरिगर सर्वत्र येण्याआधी या पाण्यात ‘मूचिंग’ हीच मुख्य रीत होती. नऊ ते साडेदहा फुटांची लवचिक काठी, दोन ते सहा औंसांचे बाकदार शिसे, त्यापुढे सहा-सात फुटांचा लीडर आणि दोन गळ एवढीच सामग्री लागते. हेरिंगचे डोके तिरप्या काटाने उतरवतात. हा काट दोन्ही दिशांनी तिरपा असला की आमिष पाण्यात गिरक्या घेत, जखमी माशासारखे फिरते. काट चुकला तर ते नुसते ओढले जाते, म्हणून पहिला तुकडा होडीजवळ फिरवून पाहावा. हेरिंग आदल्या रात्री खड्या मिठाच्या कडक पाण्यात मुरवून ठेवावी. मुरलेल्या माशाचे अंग घट्ट होते, खवले टिकतात आणि तो गळावरून लवकर सुटत नाही. घरी मासे खारवण्याची सवय असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यावी, शिसे तळाला टेकू द्यावे, मग दहा-पंधरा वेढे वर गुंडाळून पुन्हा खाली सोडावे. दोरी उभ्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांहून अधिक कलू लागली तर शिसे वाढवावे. मासा लागण्याची खूण मात्र ओळखायला शिकावे लागते. चिनूक पुष्कळदा आमिष तोंडात धरून वर येतो, त्यामुळे ओढ लागण्याऐवजी दोरी अचानक सैल पडते. अशा वेळी झटका देऊ नये. माशाचे वजन हाताला जाणवेपर्यंत भराभर रीळ फिरवत राहावे, आणि वजन लागले की मग काठी उचलावी. सैल दोरीवर दिलेल्या झटक्यांनी माझे किती मासे गेले असतील, त्याची मोजदाद नाही.

हेरिंग नको असेल, तर कॅंडलफिशच्या आकाराचे तीन-चार औंसांचे शिशाचे जिग घ्यावे. ते दोन-तीन फूट उचलून पुन्हा पडू द्यायचे असते, आणि मासा बहुतेक वेळा ते पडत असतानाच तोंड घालतो. म्हणून पडताना दोरी ना ताठ, ना पूर्ण सैल, अशी बरोबर खाली न्यावी लागते. हातांना हे जमायला एक हिवाळा जातो. साउंडरवर थवा दिसल्यावर त्याच्या नेमके वर थांबून जिग सोडणे ही लहान होडीची खरी ताकद आहे. मोठ्या होडीला तार, गोळे आणि फ्लॅशर गोळा करून मागे वळेपर्यंत तो थवा निघून गेलेला असतो.

प्रश्न: होडी नाही. धक्क्यावरून हिवाळी सॅमन मिळेल का?
— एक वाचिका, एडमंड्स

उत्तर: क्वचित, आणि तोही जिथे धक्क्याखालीच खोल पाणी आहे तिथे. आशा लावून बसावे असे मी म्हणणार नाही. मात्र थंडीच्या रात्री एडमंड्स आणि सिएटलच्या धक्क्यांवर दिव्यांच्या उजेडात माकूल पकडणाऱ्यांची रांग लागते, तिथे जरूर जावे. परवाना आणि मर्यादा तिलाही लागू आहेत. चिनूकलाही ती माकूल आवडते, आणि आपल्या घरी ती कशी खपते हे आपण जाणताच.

प्रश्न: आम्हाला दिवसभरात अकरा चिनूक लागले आणि ठेवण्याजोगा एकच निघाला. बाकीचे लहान होते किंवा पाठीवरचा छोटा पर शाबूत असलेले होते. सोडलेले मासे जगतात का, की आपण उगीच समाधान मानतो?
— एक वाचक, एव्हरेट

उत्तर: हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण हिवाळी मासेमारीत याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. आपण ज्यांच्यामागे आहोत ते सगळे अजून वाढीला लागलेले मासे आहेत. त्यांतला प्रत्येक मासा पुढे नदीत परत जाऊन पिढी चालवणारा असू शकतो. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ सालापासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहे, आणि इथल्या दक्षिणेकडच्या निवासी ओर्का देवमाशांचे मुख्य अन्नही हाच मासा आहे. म्हणूनच मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या पिल्लांचा शेपटीच्या अलीकडचा छोटा मांसल पर कापून खूण करतात. तो पर नसलेला मासा केंद्रात वाढलेला, आणि शाबूत असलेला मासा बहुधा नदीत जन्मलेला. वॉशिंग्टनमध्ये साउंडच्या हिवाळी हंगामात पर कापलेला आणि किमान बावीस इंचांचा चिनूकच ठेवता येतो. जॉर्जिया सामुद्रधुनीत किमान लांबी बासष्ट सेंटीमीटर आहे, आणि पराची अट भागाभागानुसार बदलते.

सोडलेला मासा जगतो की नाही, हे पुष्कळ अंशी आपल्या हातात असते. कोवळ्या चिनूकचे खवले अंगाला सैल चिकटलेले असतात. जाळ्यात घेतला, कोरड्या हाताने धरला, होडीच्या फळीवर आपटू दिला, की ते मूठभर गळून येतात, आणि खवले गेलेल्या जागी माशाच्या अंगावर संरक्षणच राहत नाही. वॉशिंग्टनमध्ये सोडायचा सॅमन होडीत घेणेच कायद्याने मना आहे. जिथे तशी सक्ती नसेल तिथेही तो घेऊ नये. एकच टोक असलेला आणि उलटा काटा नसलेला गळ वापरावा. साउंडमध्ये तो सक्तीचाच आहे, आणि ब्रिटिश कोलंबियाच्या खाऱ्या पाण्यातही सॅमनसाठी उलटा काटा चालत नाही. लांब दांडीचा आकडा दोरीवरून गळापर्यंत सरकवून, मासा पाण्यात असतानाच उलटा फिरवला, की तो हात न लागता सुटून जातो. दोन-तीन माशांत हे हाताला बसते.

याहून एक मोठी काळजी अशी की लहान मासा लागला तरी गळाची दोरी धरून ठेवणारी डाउनरिगरची चिमटी सुटत नाही. काठीचे टोक किंचित थरथरते आणि ते पोर आपल्यामागे अर्धा-पाऊण तास ओढले जाऊन मरते. म्हणून चिमटीची पकड हलकी ठेवावी, काठीच्या टोकावरून नजर हटवू नये आणि काहीही दिसले नाही तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोरी वर घेऊन पाहावी. आणि एका जागी लागोपाठ लहानच मासे लागू लागले, तर तिथून उठावे. आपण अकरांतले दहा सोडलेत, त्या जागी तिसऱ्या-चौथ्या माशानंतरच अर्धा मैल हलला असता तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते. मोठे आणि लहान मासे बरेचदा वेगळ्या खोलीवर असतात, त्यामुळे हलण्यात आपलाही फायदा आहे.

खोलीमुळे पोट फुगण्याची भीती सॅमनला नसते. त्याची हवेची पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असल्यामुळे तो वर येताना हवा सोडू शकतो. खडकाजवळ रॉकफिश लागला तर मात्र त्याला तसे करता येत नाही. तो फुगतो आणि सोडला तरी तरंगत राहतो. त्याला वजनाच्या साहाय्याने पुन्हा खोल नेऊन सोडणारे साधन होडीत असू द्यावे.

ठेवलेल्या माशाची नोंद त्याच क्षणी करावी. पर कापलेल्या काही माशांच्या नाकाडात केसाएवढी बारीक, सांकेतिक खूण असलेली तार असते. वॉशिंग्टनमध्ये धक्क्यावरचे कर्मचारी ती यंत्राने तपासतात, आणि कॅनडात असे डोके ठरलेल्या केंद्रावर नेऊन द्यायचे असते. कोणत्या केंद्राचा मासा कुठे वाढतो हे त्यावरूनच कळते, आणि पुढचे हंगाम ठरवताना ही माहिती उपयोगी पडते. तेव्हा ते डोके कालवणासाठी राखून ठेवू नये.

प्रश्न: माझी मुलगी सिएटलजवळ असते. आमच्याकडे बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. तो आणि तिकडचा सॅमन एकच का? मी खाडीत गरवतो. तीच रीत तिकडे चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नाव सारखे, पण नाते काही नाही. रावस हा उष्ण, उथळ किनाऱ्यावरचा आणि खाड्यांच्या मुखांवरचा मासा. त्याच्या छातीच्या पराखाली चार मोकळे, धाग्यांसारखे तंतू असतात, आणि गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपडत भक्ष्य शोधतो. सॅमनला असे तंतू नसतात. तो थंड पाण्यातला, आणि नदीत जन्मून समुद्रात वाढणारा. आपली गरवण्याची रीत मात्र मूचिंगच्या अगदी जवळची आहे. तळाचा अंदाज बोटांनी घेणे, शिसे पाण्याच्या ओढीप्रमाणे बदलणे, उधाणाचे आणि भांगाचे पाणी वेगळे ओळखणे हे ज्याला येते, त्याला इथे फार थोडे शिकावे लागेल. भांगाच्या दिवसांत, ओढ कमी असताना, तळालगत आमिष ठेवणे इथेही सोपे जाते. मुलीकडे याल तेव्हा आपल्या बोटांची सवय घेऊन या. काठी इथे मिळेल.

प्रश्न: पतींनी आणलेला चिनूक कापला तर मांस पांढरे निघाले. मासा आजारी होता का? आणि सुशीसाठी तो कच्चा वापरता येईल का?
— एक वाचिका, बर्नाबी

उत्तर: मासा निरोगी होता. सॅमनचा केशरी रंग कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांतून येणाऱ्या द्रव्याचा असतो. काही चिनूक माशांना ते द्रव्य मांसात साठवणे जन्मतःच जमत नाही, म्हणून त्यांचे मांस पांढरे राहते. चवीला तो उणा नाही, आणि पुष्कळ जाणकार तर तोच मागून घेतात. कच्चा मात्र तसाच खाऊ नये, कारण समुद्रातल्या सॅमनमध्ये जंत असू शकतात. उणे वीस अंश सेल्सियसला सात दिवस ठेवून मगच वापरावा, आणि घरातल्या फ्रीजरचे तापमान तेवढे खाली जाते का हे आधी पाहून घ्यावे. पतींना एवढे सांगावे की मासा होडीत येताच कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे आणि तो बर्फ घातलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवावा. हिवाळी चिनूक तेलकट असतो, आणि उशीर झाला तर त्या तेलाचा वास लवकर बिघडतो.

प्रश्न: माझे यजमान जानेवारीत एका मित्राबरोबर सोळा फुटी होडीतून जातात. लाइफ जॅकेट होडीतच असते, पोहता येते, असे म्हणतात. माझी काळजी अनाठायी आहे का?
— एक वाचिका, बेलिंगहॅम

उत्तर: मुळीच नाही. हे उत्तर कृपया त्यांना वाचायला द्यावे. जानेवारीत या पाण्याचे तापमान आठ अंश सेल्सियसच्या आसपास असते. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी थंड पाण्याच्या परिणामांचा अभ्यास करून एक-दहा-एक असा हिशेब लोकांपुढे ठेवला. पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते. नंतरची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे मृत्यू गारठ्याने येण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी गेल्याने किंवा दहा मिनिटांनंतर हात न चालल्याने येतो, आणि पोहता येणे या दोन्ही वेळी कामाला येत नाही. होडीत ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगात चढवता येत नाही. ते अंगातच असले पाहिजे, आणि घरापासून धक्क्यापर्यंत नव्हे, तर धक्क्यापासून परत धक्क्यापर्यंत, मासा जाळ्यात घेण्यासाठी काठावर वाकतानाही.

दिवस लहान आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाचार-साडेचारला मावळतो, त्यामुळे दुपारी तीननंतर नवी फेरी सुरू करू नये. वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध असतील तर उंचवट्यांवर आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि त्या सोळा फुटी होडीच्या पोटात पाणी भरू शकतात. अशा दिवशी मी स्वतः धक्क्यावरून परत आलेलो आहे. व्हीएचएफ रेडिओ अंगावर, जॅकेटला अडकवलेला असावा, आणि वाहिनी सोळावर मदत कशी मागायची हे दोघांनाही यायला हवे. आमच्या घरी फ्रीजवर एक कागद असतो: होडी कोणत्या उतारावरून पाण्यात सोडली, कोणत्या बँकेवर जाणार, बरोबर कोण आहे, किती वाजता फोन करणार, आणि त्या वेळेनंतर किती मिनिटांनी पत्नीने तटरक्षक दलाला कळवायचे. आमच्यात तो आकडा तीस मिनिटांचा ठरला आहे. आपल्या घरातला आकडा आपण दोघांनी बसून ठरवावा, आणि तो त्यांच्याच हाताने लिहून घ्यावा.